भिंतीवरचे वेळापत्रक: मोठे स्क्रीन निवडतानाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

औद्योगिक पंप आणि मोटरी दुरुस्त करणारी ही मध्यम आकाराची कार्यशाळा. सगळे काम एकाच दालनात चालते; लांबी २४ मीटर, रुंदी १४ मीटर. दोन पाळ्यांत मिळून तीसेक तंत्रज्ञ. कोणत्याही दिवशी पंचवीस ते तीस जॉब हातात असतात आणि प्रत्येक जॉब खोलणे, तपासणी, मशीनिंग, जुळणी, चाचणी अशा टप्प्यांतून जातो. टेस्ट बेंच एकच आणि क्रेनही एकच. त्यामुळे वेळापत्रकातली खरी ओढाताण याच दोन ठिकाणी होते.

वेळापत्रक दोन जागी होते: प्लॅनरच्या संगणकावर स्प्रेडशीट, आणि दालनात २.४ × १.२ मीटरचा पांढरा फळा, त्यावर चुंबकी पट्ट्या. सकाळची पाळी सुरू होण्याआधी शीट फळ्यावर उतरवली जाई. दुपारपर्यंत शीटमध्ये तीन-चार बदल झालेले असत. फळ्यावर त्यातला एखादाच पोचे. एके दिवशी जुळणी पूर्ण झालेला पंप क्रेनने टेस्ट बेंचपाशी नेला, तेव्हा बेंचवर दुसराच जॉब बसवलेला होता. फळ्याप्रमाणे पहिला बरोबर, शीटप्रमाणे दुसरा. बेंच मोकळा होईपर्यंत क्रेनही अडकून पडली. त्यानंतर फळ्याच्या जागी स्क्रीन लावायचे ठरले.

समस्या: घाईत लावलेला टीव्ही

पहिला उपाय सोपा वाटला. घरगुती वापराचा ५५ इंची टीव्ही आणला, शटरच्या समोरच्या भिंतीवर टांगला, मागे एक छोटा स्टिक प्लेअर लावला आणि प्लॅनरची शीट जशीच्या तशी पूर्ण पडद्यावर उघडली. महिन्याभरात लोक पुन्हा फळ्याकडे वळले. त्यामागची कारणे नीट मांडायला हवीत, कारण पुढचे सगळे निर्णय त्यांतूनच निघाले.

पहिले कारण चकाकी. शटर उघडे असताना समोरच्या भिंतीवर लक्समीटरने १,१०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) मिळाले. इतक्या उजेडात भिंतीवर साधा पांढरा कागद लावला तर तोच सुमारे २८० निट (पृष्ठभागाच्या उजळतेचे माप) उजळ दिसतो (लक्सला कागदाच्या परावर्तनाने, म्हणजे ०.८ ने, गुणायचे आणि ३.१४ ने भागायचे). टीव्हीची पूर्ण उजळता ३०० निटच्या आसपास. म्हणजे पडद्यावरचा पांढरा रंग कागदापेक्षा जेमतेम उजळ. त्यात काच गुळगुळीत. उघड्या शटरमधून दिसणारे बाहेरचे ऊन ५,००० निटचे धरले आणि काचेने त्यातले फक्त ४ टक्के परत पाठवले, तरी २०० निटचा एक पांढुरका चौकोन वेळापत्रकावर येऊन बसतो. उजळता वाढवून हे सुटत नाही. जागा आणि काच दोन्ही बदलावे लागतात.

दुसरे, टीव्ही आपणहून बंद व्हायचा. चार तास रिमोटचे बटण दाबले नाही की वीज वाचवण्यासाठी स्टँडबायमध्ये जाण्याची सोय त्यात होती. ती बंद केल्यावर वेगळीच अडचण पुढे आली: वीज जाऊन आली की टीव्ही स्टँडबायमध्येच राहायचा आणि कोणीतरी रिमोट शोधेपर्यंत पडदा काळा असायचा.

तिसरे, शीटचा सगळ्यात उजवा स्तंभ कापला जायचा. टीव्ही येणारे चित्र किंचित मोठे करून कडा बाहेर ढकलतात. प्रसारणाच्या काळातली ती सवय अजून अनेक संचांत मूळ सेटिंग म्हणून असते. चित्राचा आकार ‘स्क्रीन फिट’वर आणल्यावर स्तंभ परत आला. लाल आणि निळी अक्षरे मात्र फिसकटलेली दिसत राहिली, काळी अगदी स्वच्छ. रंगाची माहिती ज्या पद्धतीने पाठवली जाते तिचा हा परिणाम आहे. ४:२:० पद्धतीत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र मिळते, रंगाची मात्र चार पिक्सेलांच्या चौकोनाला मिळून एकच. सिनेमात हे कळत नाही, बारीक रंगीत अक्षरात लगेच कळते. त्या इनपुटला ‘पीसी’ असे नाव दिल्यावर टीव्ही ४:४:४ वर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र रंग देणाऱ्या पद्धतीवर गेला आणि अक्षरे सुधारली.

हे सगळे दुरुस्त झाल्यावरही बाकांवर (कामाच्या टेबलांवर) उभ्या लोकांना वेळापत्रक वाचता येत नव्हते. शीटमध्ये २८ ओळी. ५५ इंची आडव्या पडद्याची उंची ६८५ मिमी. म्हणजे ओळीला २४ मिमी आणि त्यात अक्षर सुमारे बारा मिमी. बाक ६ मीटरवर. डोळे तपासताना ६ मीटरवरून वाचायच्या तक्त्यावर ६/६ च्या ओळीतले अक्षर ८.७ मिमी असते. तंत्रज्ञांकडून दिवसभर जवळपास डोळ्यांची परीक्षाच घेतली जात होती, तीही चकाकत्या काचेवर.

पहिला निर्णयाचा क्षण: इंच आधी की अक्षर आधी

‘मोठा टीव्ही आणा, ८६ इंची’ हा प्रस्ताव लगेच आला आणि जवळपास मंजूरही झाला. फोरमनने एकच गणित करायला सांगितले: हीच शीट ८६ इंचावर टाकली तर अक्षर केवढे होईल? ८६ इंची आडव्या पडद्याची उंची सुमारे १,०७० मिमी. भागिले २८ केले की ओळीला ३८ मिमी आणि अक्षर १९ मिमी. सगळ्यात मोठा पडदा आणूनही काम अर्धेच होणार होते, आणि ते खरेदीच्या आधी कागदावर दिसले.

म्हणून गणित उलट बाजूने सुरू केले. अक्षर डोळ्यापाशी किती कोन करते यावर वाचनीयता ठरते. आयएसओ ९२४१ मालिकेत पडद्यावरच्या रोमन अक्षरांसाठी किमान १६ आर्कमिनिट आणि पसंतीचे २० ते २२ आर्कमिनिट धरले आहेत (एक अंश म्हणजे ६० आर्कमिनिट). २० आर्कमिनिटसाठी हिशेब सोपा आहे: अंतर मीटरमध्ये घ्या आणि ५.८ ने गुणा, अक्षराची उंची मिलिमीटरमध्ये मिळते. ३ मीटरला साडेसतरा मिमी, ६ मीटरला ३५, ११ मीटरला ६४.

देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी. वेलांटी, रफार आणि मात्रा त्याच्या वर जातात, उकार खाली उतरतो. फाँटचा आकडा किंवा ओळीची पूर्ण उंची मोजली तर हिशेब फसतो. वरखाली जागा सोडायची असल्याने ओळीची उंची अक्षराच्या किमान दुप्पट ठेवावी लागते. नुसते आकडे असतील तर कमीत भागते, पण ‘कु’ खाली ‘र्की’ आली की दोन ओळी एकमेकींत अडकतात.

मग कागदी चाचणी झाली. ए३ कागदांवर २०, २८, ३५ आणि ५० मिमी उंचीच्या अक्षरांत खोटी वेळापत्रके छापली आणि प्रस्तावित भिंतीवर, पडद्याच्या मध्याच्या उंचीला चिकटवली. चश्मेवाले धरून दोन्ही पाळ्यांतले काही जण आपापल्या कामाच्या जागी उभे राहिले आणि चालत पुढे न येता त्यांनी जॉब क्रमांक मोठ्याने वाचले. ६ मीटरवरून २८ मिमी सगळ्यांना वाचता आले, पण ३ आणि ६ यांत गोंधळ झाला. ३५ मिमीला कोणी अडखळले नाही. या चाचणीला छापखाना लागत नाही, साधा प्रिंटर पुरतो. आणि पुढे ‘आकडे लहान आहेत’ असा वाद निघाला की सगळ्यांना आठवते की आकार त्यांनीच वाचून ठरवला आहे.

३५ मिमी अक्षर म्हणजे ७० मिमीची ओळ. त्यावरून:

- ५५ इंच आडवा, उंची ६८५ मिमी: ९ ओळी
- ६५ इंच आडवा, उंची ८०९ मिमी: ११ ओळी
- ७५ इंच आडवा, उंची ९३४ मिमी: १३ ओळी
- ८६ इंच आडवा, उंची सुमारे १,०७० मिमी: १५ ओळी
- ६५ इंच उभा, उंची १,४३९ मिमी: २० ओळी

६५ वरून ८६ वर उडी मारली तर मिळतात फक्त चार ओळी. तोच ६५ उभा केला तर नऊ. कामांची यादी मुळात उभी असते. आडव्या पडद्याची अर्धी रुंदी रिकामी राहते, किंवा कोणीतरी ती भरायची म्हणून नको ते स्तंभ घालते.

दुसरा निर्णयाचा क्षण: काय दाखवायचे नाही

वीस ओळींतली एक शीर्षकाला आणि एक तळाच्या पट्टीला गेली की अठरा उरतात. शीटमध्ये २८ जॉब. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो योग्य ठिकाणी गेला असे आमचे मत आहे.

प्लॅनरला सगळे हवे होते: ग्राहक, आलेली तारीख, सुटे भाग, अडथळ्याचे कारण, जबाबदार व्यक्ती. बाकावर उभ्या असलेल्या माणसाला चार गोष्टी लागतात: कोणता जॉब, कोणता टप्पा, कोणाकडे, किती वाजता. ग्राहकाचे नाव काढण्याला आणखी एक कारण होते. दालनात बाहेरचे लोक येतात, आणि एकाच्या पंपाची अवस्था दुसऱ्याने वाचावी हे बरे नाही. रजेचे कारणही त्याच न्यायाने काढले; ‘रजा’ एवढेच दिसते.

उरलेली एक ओळ अशी झाली:

४१७ बूस्टर पंप जुळणी ब १४:३०

६५ इंची उभ्या पडद्याची रुंदी ८०९ मिमी. ३५ मिमी उंचीच्या अक्षराला सरासरी २५ मिमी रुंदी धरली तर ओळीत ३२ अक्षरे बसतात. वरची ओळ मोकळ्या जागांसह २७ च्या आत राहते. जॉबचे नाव दहा अक्षरांपेक्षा लांब असेल तर प्लॅनरने स्वतः छोटे नाव द्यायचे असा नियम झाला. संगणकाला कापायला सांगितले की ‘सेंट्रिफ्यूगल प…’ अशा पाच ओळी एकाखाली एक येतात आणि कोणती कोणती ते कळत नाही.

दिवसाला प्रत्यक्ष हलणारे जॉब चौदा ते सोळा असतात. बाकीचे सुट्या भागांच्या प्रतीक्षेत. तेव्हा एका पडद्यावर ‘आज’ आणि दुसऱ्यावर ‘उद्या आणि पुढे’. प्रतीक्षेतले जॉब दुसऱ्याच्या तळाशी फक्त क्रमांकांनी.

रंगांचेही असेच झाले. शीटमध्ये अकरा रंग होते. लाल आणि हिरवा वेगळे न ओळखू शकणारी माणसे कुठल्याही मोठ्या चमूत असू शकतात, म्हणून चारच अवस्था ठेवल्या आणि प्रत्येकीला रंगाबरोबर खूणही दिली: भरीव चौकोन, रिकामा चौकोन, त्रिकोण, फुली. पार्श्वभूमी फिकट, अक्षरे गडद. उजेडाच्या दालनात काळ्या पार्श्वभूमीवर समोरच्या वस्तूंचे प्रतिबिंब ठळक दिसते, फिकटावर ते विरून जाते.

तपासलेले पर्याय

*एक ८६ इंची घरगुती टीव्ही.* बसवायला सोपा, आणि वरकरणी स्वस्त. पण १५ ओळी, चकाकणारी काच, उभा लावता येत नाही आणि व्यावसायिक वापर असेल तर घरगुती संचाची वॉरंटी बहुधा लागू राहत नाही. शिवाय एकच पडदा म्हणजे तो बंद पडला की सगळेच बंद.

*दोन ६५ इंची व्यावसायिक डिस्प्ले, उभे.* हाच निवडला. तपशील पुढे.

*चार पडद्यांची व्हिडिओ वॉल.* दोन पडद्यांमधली फट साडेतीन मिमी किंवा त्याहूनही कमी मिळते, पण ती नेमकी एखाद्या ओळीवर येते. चार पॅनेलचे रंग आणि उजळता वेगवेगळ्या गतीने उतरतात आणि पुन्हा पुन्हा जुळवाव्या लागतात. वेळापत्रकासाठी हा खटाटोप कशाला?

*प्रोजेक्टर.* १,१०० तर सोडाच, ४०० लक्सलाही अक्षर फिके पडते. ग्राइंडिंगची धूळ वेगळीच.

*टच पॅनेल.* प्लॅनर आणि फोरमन दोघांनाही हे मनापासून हवे होते: उभ्या उभ्या जॉब पुढे-मागे सरकवता येईल. अडचण उंचीची निघाली. बोट पोचायला पॅनेलची खालची कड कमरेच्या आसपास हवी. मागच्यांना वाचता यायला ती समोर उभ्या माणसांच्या खांद्यांच्या वर हवी. दोन्ही एकाच पडद्यावर जमत नाही. बदल करण्याचे काम प्लॅनरच्या टेबलावर आणि फोरमनच्या टॅबलेटवर राहिले; भिंतीवरचे फक्त वाचायचे.

टेस्ट बेंच ११ मीटरवर आहे. तिथून ६४ मिमीचे अक्षर हवे, म्हणजे मुख्य पडद्यावर जेमतेम ११ ओळी उरतात. त्या एका जागेसाठी सगळ्यांचे वेळापत्रक आखडायचे नाही असे ठरले. बेंचपासून ४ मीटरवर ४३ इंची वेगळा पडदा आला. तिथे २३ मिमीचे अक्षर पुरते आणि ५३५ मिमी उंचीत ११ ओळी बसतात.

स्क्रीनच्या कोणत्या गुणांकडे पाहिले

उभे लावण्याची परवानगी मॉडेलच्या पुस्तिकेत लिहिलेली असली पाहिजे. उभ्या पॅनेलमध्ये उष्णता वेगळ्या वाटेने वर जाते. त्या स्थितीसाठी न बनवलेल्या संचाचा एक भाग जास्त तापतो. कोणत्या बाजूला फिरवायचे, डावीकडे की उजवीकडे, हेही पुस्तिकेत असते आणि ते पाळावे लागते.

पॅनेल आयपीएस प्रकारचे घेतले, तिरके पाहिले तरी चित्र फारसे न बदलणारे. बाकांची रांग लांब असल्याने टोकाचा माणूस पडद्याकडे ५० अंशांतून पाहतो. दुसऱ्या प्रकारच्या, व्हीए पॅनेलचा समोरून कॉन्ट्रास्ट कितीतरी जास्त, पण तिरके पाहिले की तो झपाट्याने घसरतो. ओएलईडीचा विचारच केला नाही: तेच चौकोन रोज सोळा तास दाखवले तर त्यांचा ठसा कायमचा उमटतो. एलसीडीवरही पुसट ठसा दिसतो, पण विश्रांती दिली की तो बहुधा जातो.

उजळता ५०० निट, पृष्ठभाग २५ टक्के किंवा जास्त हेझचा (म्हणजे प्रतिबिंब विखुरणारा, मॅट), वापर दिवसाला किमान १६ तासांसाठी मान्य, धुळीपासून संरक्षणाच्या आयपी५एक्स श्रेणीचा, लॅन किंवा आरएस-२३२ या नियंत्रण केबलवरून चालू-बंद करता येणारा, रिमोट आणि बटणे कुलूपबंद करता येणारा, आणि वीज आल्यावर आधीच्या स्थितीत परतणारा. शेवटची अट सगळ्यात बारीक दिसते आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

फोर-के की फुल एचडी, यावर बराच खल झाला. ६५ इंची फुल एचडी पडद्याचा पिक्सेल ०.७५ मिमीचा, चांगल्या डोळ्याला तो साधारण २.६ मीटरपलीकडे वेगळा दिसत नाही. सगळ्यात जवळची जागा ३ मीटरवर, तेव्हा फुल एचडी पुरेसा होता. या आकारात व्यावसायिक मॉडेल मात्र बहुतेक फोर-केच मिळाली, म्हणून तीच घेतली. वेळापत्रक स्थिर असल्याने ३० हर्ट्झवर चालवले. केबलवरचा भार निम्मा होतो.

प्रत्यक्ष कृती

शटरसमोरची भिंत सोडून त्याला काटकोनातली बाजूची भिंत घेतली. तिथे दिवसाच्या तीन वेळी मोजून जास्तीत जास्त ४२० लक्स मिळाले. कागदाच्या हिशेबाने हे १०७ निट, म्हणजे ५०० निटचा पडदा निम्म्या उजळतेवरही स्वच्छ दिसतो.

ती भिंत जिप्समची निघाली. एक डिस्प्ले २८ किलोचा, ब्रॅकेट धरून ३४, असे दोन. नुसत्या जिप्सममध्ये कोणताही प्लग हा भार वर्षानुवर्षे धरत नाही, विशेषतः क्रेनची थरथर असताना. बोर्ड काढून आतल्या धातूच्या उभ्या पट्ट्यांवर, किमान तीन पट्ट्या धरतील असा, १८ मिमी प्लायवूड बसवला, वर पुन्हा बोर्ड लावला आणि ब्रॅकेटचे स्क्रू प्लायवूडपर्यंत गेले. ब्रॅकेट पुढे ओढून येणारे घेतले. भिंतीला चिकटणारे सपाट ब्रॅकेट दिसायला छान, पण एक सैल केबल बसवायला दोन माणसे लावून पूर्ण संच उतरवावा लागतो.

खालची कड दीड मीटरवर, वरची साधारण २.९५ मीटरवर, पुढे ५ अंशांचा कल. सकाळच्या बैठकीत ३ मीटरवर उभे राहणाऱ्याची नजर वरच्या ओळीसाठी २५ अंशांपेक्षा कमी उचलावी लागते. मागच्यांना पुढच्यांच्या डोक्यांमुळे तळाच्या ओळी दिसत नाहीत, म्हणून लवकर सुरू होणारे जॉब नेहमी वर.

दोन्ही पडद्यांना मिळून दोन आउटपुटचा एक पंखारहित मिनी पीसी, पडद्यांच्या मागे, तीन मीटरच्या केबलने जोडलेला. पीसी प्लॅनरच्या खोलीत ठेवून लांब एचडीएमआय ओढायचा पर्याय होता. पण साधी तांब्याची केबल फोर-केला पाचेक मीटरनंतर बेभरवशाची होते. नेटवर्क केबल मात्र आरामात तेवढी लांब जाते, म्हणून पीसी पडद्याजवळ आणि नेटवर्क लांबून. वाय-फाय वापरले नाही. पीसी आणि नेटवर्क स्विचला छोटा यूपीएस, पडद्यांना नाही.

डिस्प्लेमधल्या अंगभूत ब्राउझरवर चालवून पाहिले होते. पान उघडत होते, पण ब्राउझरचे इंजिन जुने आणि त्याचे अद्ययावतीकरण निर्मात्याच्या हाती.

मग एक गोष्ट अडली. रात्री पडदे बंद व्हायचे आणि सकाळी चालू झाल्यावर ‘आज’ उजवीकडे, ‘उद्या’ डावीकडे. कधी दोन्ही पाने एकाच पडद्यावर. पडदा बंद झाला की एचडीएमआयवरून येणारी त्याची ओळख, ईडीआयडी, नाहीशी होते. पीसीला वाटते पडदाच काढून नेला, आणि सकाळी जो आधी जागा होईल तो पहिला ठरतो. दोन्ही केबलींत ईडीआयडी इम्युलेटर लावल्यावर पीसीला पडदे कायम जोडलेले दिसू लागले आणि अदलाबदल थांबली.

सॉफ्टवेअरच्या बाजूने: ब्राउझर कियॉस्क मोडमध्ये (पूर्ण पडद्यावर फक्त ठरलेले पान), पहाटे साडेतीनला पीसी पुन्हा सुरू, बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय. माहिती वाचायला वेगळे, फक्त वाचण्याचा अधिकार असलेले खाते. प्लॅनरचे स्वतःचे लॉगिन वापरले असते तर पासवर्ड बदलण्याच्या दिवशी भिंतीवर दोन मोठी लॉगिन पाने दिसली असती.

तळाच्या पट्टीत ‘शेवटची नोंद’ आणि वेळ. दहा मिनिटांत नवी माहिती आली नाही तर पट्टी भगवी होते. तीस मिनिटांनंतर पूर्ण पान फिके पडते आणि वर ‘फोरमनला विचारा’ येते. जुने वेळापत्रक ताज्यासारखे दिसणे हे काळ्या पडद्यापेक्षा घातक आहे. मूळ अपघात त्याच जातीचा होता.

स्वीकारण्याआधी या चाचण्या झाल्या, कोणीही काहीही न दाबता:

- मुख्य वीज दहा मिनिटे बंद करून चालू. पाच मिनिटांत दोन्ही वेळापत्रके परत आली पाहिजेत.
- नेटवर्क केबल पंधरा मिनिटे काढली. पट्टी भगवी झाली पाहिजे.
- ब्राउझर जबरदस्तीने बंद केला. तो आपोआप उघडला पाहिजे.
- रात्री बारानंतर ‘उद्या’चे जॉब ‘आज’मध्ये आले पाहिजेत.
- एक पडदा बंद ठेवला. दुसऱ्यावर दोन्ही पाने वीस-वीस सेकंदांनी आलटून पालटून आली पाहिजेत.

चौथी चाचणी पहिल्यांदा फसली. दुसरी पाळी मध्यरात्री ओलांडते आणि रात्री साडेबाराला तिचे अर्धवट जॉब पडद्यावरून गायब झाले. दिवसाची सीमा पहाटे साडेतीनला हलवली.

परिणाम

फळ्यावर उतरवण्याचे काम संपले. वेळापत्रकातला बदल साधारण मिनिटभरात भिंतीवर दिसतो आणि टेस्ट बेंचवर दोन जॉब एकाच वेळी पोचण्याचा प्रकार पुन्हा झालेला नाही. प्लॅनरकडे ‘माझा नंबर कधी’ असे विचारायला येणारे कमी झाले. सकाळच्या बैठकीत आता वाचून दाखवणे नसते, फक्त अडलेल्या जॉबांची चर्चा होते.

तक्रारीही आल्या. रात्रपाळीत दालनातले काही दिवे बंद असतात. तेव्हा दिवसाचीच उजळता डोळ्यांना त्रास देऊ लागली. वेळेनुसार उजळता बदलण्याची सोय डिस्प्लेत होती, ती चालू केल्यावर प्रश्न मिटला. क्रेनच्या थरथरीने डाव्या पडद्याची एचडीएमआय केबल सैल झाली. उभ्या पडद्यात केबलचे वजन कनेक्टरला बाजूने ओढते, म्हणून लॉकवाली केबल घेतली आणि कनेक्टरपासून हातभर अंतरावर ती पट्टीने ब्रॅकेटला बांधली.

४३ इंची पडद्याकडे सुरुवातीला कोणी बघेना. त्यावर मुख्य यादीचीच छोटी आवृत्ती टाकली होती. तिथे फक्त बेंचची रांग, प्रत्येक जॉबचा अपेक्षित दाब आणि प्रवाह आणि क्रेनची पुढची फेरी दाखवायला लागल्यावर तो वापरात आला.

वेगळे काय करता आले असते

कागदी चाचणी पहिल्या टीव्हीच्या आधी व्हायला हवी होती. तिला अर्धा दिवस लागतो आणि ती आकार, जागा, उंची या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम देते. लक्सचे मोजमापही त्याच दिवशी, शटर उघडे आणि बंद अशा दोन्ही स्थितींत.

ओळींची काटछाट डिस्प्ले मागवल्यानंतर झाली. सुदैवाने उभ्या मांडणीत ती बसली. जास्त स्तंभ अटळ ठरले असते तर दोन आडवे ७५ इंची घ्यावे लागले असते आणि भिंत पुन्हा उघडावी लागली असती. खऱ्या माहितीने भरलेले पान हाताशी असलेल्या कुठल्याही मॉनिटरवर आठवडाभर चालवून मगच मागणी नोंदवावी.

रात्रपाळीतली माणसे चाचणीला होती, पण चाचणी दिवसा झाली. उजळतेची तक्रार तिथेच टळली असती.

भिंत उघडलेलीच होती, तेव्हा प्रत्येक पडद्यामागे एकाऐवजी दोन नेटवर्क केबल आणि दोन प्लग पॉइंट घालायला हवे होते. आता दुसरा पीसी जोडायचा तर उघडी केबल पट्टी भिंतीवरून न्यावी लागेल. तो दुसरा पीसी लागणारच आहे: सध्या एक मिनी पीसी बंद पडला तर दोन्ही पडदे जातात. तूर्तास तसाच तयार करून ठेवलेला एक पीसी प्लॅनरच्या कपाटात आहे, बदलण्याची पायरी न् पायरी लिहिलेला कागद त्याच्या पाठीला चिकटवलेला, आणि दर तीन महिन्यांनी दोन्ही पीसींची अदलाबदल केली जाते, म्हणजे कपाटातला चालतो की नाही हे गरज पडण्याआधीच कळते.